पीआरमध्ये नवीन आहात? दुसऱ्याचं खोटं आपल्या हातून पुढे जाऊ नये म्हणून काय काय करायचं

पीआरमध्ये, म्हणजे पब्लिक रिलेशन्स किंवा जनसंपर्काच्या कामात, येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते तेव्हाची गोष्ट. क्लायंटच्या ब्रँड मॅनेजरने पाठवलेल्या नोटवरून मी प्रेस रिलीज लिहिली, त्यात एक वाक्य होतं की प्रॉडक्ट स्वतंत्र लॅबमध्ये तपासून पास झालंय. सीनियरने वाचलं, क्लायंटने अप्रूव्ह केलं, मी साठ-सत्तर पत्रकारांना मेल टाकली. दुसऱ्या दिवशी एका रिपोर्टरचा फोन, लॅबचा रिपोर्ट मिळेल का. मी लगेच हो म्हणलं, क्लायंटकडे मागितला, तर कळलं की सँपल नुसतं पाठवलंय, रिपोर्ट अजून यायचाय, पण "पास होणारच आहे" म्हणून त्यांनी तसं लिहून दिलं होतं.

मी खोटं बोलले नव्हते. ब्रँड मॅनेजरलाही आपण खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. तरीही साठ-सत्तर लोकांकडे एक खोटं वाक्य गेलं होतं आणि त्या मेलखाली नाव माझं होतं.

या धंद्यातल्या नैतिक अडचणी बहुतेक वेळा अशाच येतात. कोणी येऊन "चल, लोकांना फसवू" असं म्हणत नाही. कोणीतरी काहीतरी सांगतं, आपण ते छान भाषेत लिहितो आणि पुढे पाठवतो, म्हणजे खोटं आपण तयार करत नाही, पण पोचवतो आपण. म्हणून नवीन माणसाने मोठमोठी तत्त्वं पाठ करण्याआधी स्वतःच्या हातून काय काय पुढे जातंय त्यावर लक्ष ठेवायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. मी आता जसं करते ते क्रमाने लिहिते.

पायरी १: रिलीज पाठवायच्या आधी प्रत्येक दाव्याखाली रेघ मारा

ड्राफ्ट तयार झाला की प्रिंट काढा किंवा स्क्रीनवरच करा, पण जिथे जिथे काहीतरी "आहे" असं ठामपणे म्हणलंय तिथे रेघ मारा. आकडा, तारीख, "पहिलं", "सगळ्यात मोठं", "शंभर टक्के", "पर्यावरणपूरक", "तज्ज्ञांच्या मते", सगळं. मग प्रत्येक रेघेसमोर तीन गोष्टी लिहा: हे मला कोणी सांगितलं, त्याचा कागद कुठेय, आणि तो कागद किती तारखेचा आहे. ज्या रेघेसमोर फक्त माणसाचं नाव आलं आणि कागद नाही, ते वाक्य अजून पाठवण्यासारखं नाही.

"पहिलं" आणि "सगळ्यात मोठं" हे शब्द तर नेहमीच गोत्यात आणतात. कशात पहिलं, कुठे पहिलं, कोणी मोजलं, हे विचारलं की निम्म्या वेळा क्लायंट स्वतःच म्हणतो, जाऊ दे, काढून टाक. पर्यावरणाच्या दाव्यांचंही तसंच, "ग्रीन" म्हणजे नक्की काय, पॅकिंग बदललं की कारखाना बदलला? फक्त पॅकिंग बदललं असेल तर पॅकिंग बदललं एवढंच लिहायचं, ती पण बातमी आहे.

हे मी इतकं ताणून का सांगतेय, तर या व्यवसायाच्या अगदी सुरुवातीलाच हे घडून गेलंय. आयव्ही ली हे आधुनिक पीआरच्या जनकांपैकी एक मानले जातात. १९०६ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला होता, की आमचं काम उघड्यावर चालतं, आम्ही अचूक माहिती देऊ, कुठल्याही तपशिलाची खात्री करून घ्यायला मदत करू. फार चांगला जाहीरनामा होता, आजही वाचावा असा. मग १९१४ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या लडलो इथे संपावर असलेल्या खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर हल्ला झाला, आग लागली, त्यात एका खड्ड्यात लपलेल्या २ बायका आणि ११ मुलं मेली. खाण कंपनीत मोठा हिस्सा असलेल्या रॉकफेलर कुटुंबासाठी लींनी काम घेतलं आणि कंपनीची बाजू मांडणारी पत्रकं देशभर पाठवली. त्यातल्या एकात युनियनच्या नेत्यांना वर्षभरात मिळालेला पैसा नऊच आठवड्यांत मिळाला असं छापलं गेलं. पुढे सरकारी चौकशी आयोगासमोर लींना विचारलं, की खाणमालकांनी दिलेली माहिती खरी आहे का हे बघायला तुम्ही स्वतः काय केलंत, तर त्यांचं उत्तर होतं की काहीच नाही. काही वर्षांपूर्वी अचूकतेचं वचन ज्याने लिहिलं त्याच माणसाचं हे उत्तर. तो मुळात वाईट माणूस होता का यात मला पडायचं नाही, पण चांगलं वचन लिहिणं आणि रोज रेघा मारत बसणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यातून मला कळलं.

पायरी २: पैसा कोणाचा आणि आवाज कोणाचा, हे दोन्ही दिसलं पाहिजे

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, कारण इथे वाक्य न् वाक्य खरं असूनसुद्धा लोकांची फसवणूक होऊ शकते.

१९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कमध्ये काही तरुणी भर रस्त्यात सिगारेट ओढत चालल्या, आणि पेपरांमध्ये ती स्त्रीस्वातंत्र्याची बातमी म्हणून आली. ते घडवून आणलं होतं एडवर्ड बर्नेज यांनी, आणि पैसा होता अमेरिकन टोबॅको कंपनीचा. त्या बायका खऱ्या होत्या, सिगारेटी खऱ्या होत्या, चालणं खरं होतं. बायकांनी बाहेर सिगारेट ओढणं तेव्हा वाईट समजलं जायचं हेही खरं. वाचणाऱ्याला फक्त एकच गोष्ट माहीत नव्हती, की यामागे सिगारेट विकणारा बसलाय. ती एक गोष्ट कळली असती तर बातमीच वेगळी झाली असती ना?

दुसरं उदाहरण याहून जड आहे. इराकने कुवेत ताब्यात घेतलं होतं आणि अमेरिकेने युद्धात उतरायचं का यावर चर्चा चालू होती. १० ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी खासदारांच्या मानवी हक्क गटासमोर, १५ वर्षांच्या एका कुवेती मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलमधल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर टाकलेली तिने पाहिली. तिचं फक्त पहिलं नाव सांगितलं होतं, नायिरा. पुढे १९९२ मध्ये बाहेर आलं की ती अमेरिकेतल्या कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती. हे सगळं "सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत" नावाच्या संस्थेच्या मोहिमेचा भाग होतं, काम हिल अँड नोल्टन या पीआर कंपनीकडे होतं, आणि नाव नागरिकांचं असलं तरी पैसा जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा होता. सुरुवातीला त्या गोष्टीला दुजोरा देणाऱ्या अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेनेही युद्धानंतर तपास करून तो मागे घेतला. पण तोवर युद्धाच्या बाजूने बोलताना ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून झाली होती.

आपल्यासारख्या नव्या माणसाकडे युद्ध येत नाही, छोट्या गोष्टी येतात. सीनियर म्हणतो, अ‍ॅप स्टोअरवर दहा चांगले रिव्ह्यू टाक ना, ऑफिसमधल्या सगळ्यांना सांग. किंवा, एक "नागरिक मंच" चं पेज काढू आणि तिथून प्रोजेक्टला पाठिंबा दाखवू. यालाच अ‍ॅस्ट्रोटर्फिंग म्हणतात, अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणजे कृत्रिम गवत, जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं पण अंथरलेलं असतं. किंवा इन्फ्लुएन्सरला पैसे द्यायचे पण "पेड वाटू देऊ नको" असं सांगायचं. किंवा क्लायंटचं विकिपीडियाचं पान गुपचूप गोड करायचं. यातलं प्रत्येक काम मागताना "सगळेच करतात" हे वाक्य हमखास येतं.

इथे मी एकच चाचणी लावते: वाचणाऱ्याला जर कळलं की याचे पैसे कोणी दिले तर तो चिडेल का? चिडणार असेल तर ते आधीच सांगायला पाहिजे, आणि सांगितल्यावर कामच होणार नसेल तर ते काम करायचं नाही. प्रत्यक्षात म्हणजे असं:

- इन्फ्लुएन्सरच्या करारातच लिहा की पोस्टच्या सुरुवातीला, दिसेल असं, जाहिरात आहे हे सांगायचं. पंधरा हॅशटॅगच्या शेवटी लपवलेला शब्द चालणार नाही.
- स्वतः, सहकाऱ्यांकडून किंवा पैसे देऊन खोटे रिव्ह्यू नाहीत, कधीच नाहीत. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकण्या-विकत घेण्यावर थेट दंडाचा नियमच आलाय.
- विकिपीडियावर पैसे घेऊन काम करत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून तिथल्या वापराच्या अटींमध्येच आहे. चर्चा पानावर जा, मी अमुक कंपनीसाठी काम करते असं लिहा, चूक दाखवा, पुरावा द्या, बदल दुसऱ्याला करू द्या. वेळ लागतो, पण होतं, मी करून पाहिलंय.
- क्लायंटने बनवलेल्या मंचाच्या नावाने पत्रक काढायचं असेल तर पत्रकातच लिहा की या मंचाला पैसा कोण देतं.

आणि पत्रकाराने विचारलं की तुम्ही कोणासाठी काम करताय, तर उत्तर द्यायचं. २०११ मध्ये बर्सन-मार्स्टेलर या पीआर कंपनीच्या लोकांनी गूगलच्या प्रायव्हसीवर टीका करणारा लेख लिहा म्हणून एका ब्लॉगरला गळ घातली, त्याने विचारलं क्लायंट कोण, त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याने त्या सगळ्या ईमेल जशाच्या तशा प्रसिद्ध केल्या. क्लायंट निघाला फेसबुक. क्लायंटचं नाव सांगायची परवानगी नसेल तर ती पिच, म्हणजे बातमीसाठी पत्रकाराला घातलेली गळ, करूच नका, इतकं सरळ आहे हे.

पायरी ३: पत्रकाराशी वागताना

यावर पुष्कळ लिहिता येईल पण मोजकंच सांगते.

ऑफ द रेकॉर्ड, म्हणजे छापायचं नाही या अटीवर, बोलायचं असेल तर ते बोलायच्या आधी ठरतं, आणि समोरचा "हो" म्हणला तरच. बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हणणं म्हणजे विनंती झाली, हक्क नाही. एम्बार्गोचं, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही या अटीचं, तसंच, आधी विचारा, मग मजकूर पाठवा. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त एकाच पत्रकारासाठी असलेली बातमी, एकालाच द्या, दोघांना एक्सक्लुझिव्ह सांगितलं तर दोघं कायमचे जातात.

भेटवस्तू, ट्रिप, महागडं जेवण याबद्दल त्या माध्यमसंस्थेचा नियम काय ते आधी विचारा, आणि रिव्ह्यूसाठी दिलेलं प्रॉडक्ट परत घ्यायचं की नाही ते मेलवर ठरवा. बातमी विकत घ्यायची नाही. जाहिरातीची जागा घेतली असेल तर ती जाहिरात म्हणूनच दिसायला हवी, आणि "आम्ही तुम्हाला एवढ्या जाहिराती देतो" हे वाक्य संपादकीय माणसासमोर काढायचंच नाही, क्लायंट कितीही म्हणला तरी.

कोटबद्दल, म्हणजे रिलीजमध्ये कोणाच्या तरी नावाने दिलेल्या वाक्याबद्दल. साहेबांच्या नावाने कोट आपणच लिहितो, हे सगळ्यांना माहितीये आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, पण साहेबांनी तो वाचून "हो, हे माझं म्हणणं आहे" असं म्हणल्याशिवाय तो बाहेर जाता कामा नये. ग्राहकाच्या किंवा तज्ज्ञाच्या नावाने कोट लिहायचा नाही, तो त्यांच्याकडूनच घ्यायचा. हल्ली एआयला सांगितलं की तो दोन सेकंदात समाधानी ग्राहक बनवून देतो, नाव आणि गावासकट, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. तो माणूस नाहीये म्हणजे कोट पण नाहीये. आणि क्लायंटची अजून जाहीर न झालेली माहिती कुठल्याही सार्वजनिक एआय टूलमध्ये टाकू नका, ती गोपनीय आहे.

पायरी ४: गुप्त ठेवणं आणि खोटं बोलणं यातला फरक अंगवळणी पाडून घ्या

नवीन लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. क्लायंटची गुपितं सांभाळणं हे आपलं कामच आहे, करारात सही केलेली असते. समजा तुम्हाला माहितीये की पुढच्या सोमवारी कंपनी दोनशे लोकांना काढणारे, आणि गुरुवारी रिपोर्टर विचारतो, कपात होणारे का? "नाही" म्हणणं हे खोटं. "हो" म्हणणं हा विश्वासघात, शिवाय ज्यांची नोकरी जाणारे त्यांना आधी पेपरमधून कळणं हे क्रूरच आहे. मग काय म्हणायचं? "अशा अंदाजांवर आम्ही बोलत नाही, जाहीर करण्यासारखं काही असेल तेव्हा सगळ्यांना एकदमच कळवू." पण हे वाक्य कपात नसतानाही रोज तसंच म्हणायची सवय पाहिजे. एरवी तुम्ही अफवा लगेच फेटाळत असाल आणि आजच गप्प बसलात तर गप्प बसणं हेच उत्तर होतं. म्हणून ही भूमिका संकट यायच्या आधी टीमने ठरवून ठेवायची.

एक अपवाद मात्र पक्का. लोकांच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेचं कारण देता येत नाही. प्रॉडक्टमध्ये काही बिघाड आहे आणि लोक ते वापरतायत, अशा वेळी लीगल टीमकडे आणि वरच्या लोकांकडे त्याच दिवशी जा, लेखी जा.

शेअर बाजारात असलेल्या कंपनीचं काम असेल तर अजून एक, जाहीर न झालेली माहिती वापरून स्वतः शेअर घेणं-विकणं किंवा घरच्यांना सांगणं हा सरळ गुन्हा आहे. अजाणतेपणी जेवताना बोलून गेलो हे कारण चालत नाही.

पायरी ५: "नाही" कसं म्हणायचं

खरी अडचण अशी की चूक काय ते आपल्याला कळतं, पण समोर बॉस असतो आणि आपण नवीन असतो. मी जे शिकलेय ते सांगते.

पहिलं, "हे अनैतिक आहे" ने सुरुवात करू नका, समोरचा लगेच बचावात जातो. प्रश्न विचारा: "रिपोर्टरने याचा पुरावा मागितला तर आपण काय देऊ?" "हा मंच कोणाचा असं विचारलं तर काय सांगायचं?" बऱ्याचदा तिथेच थांबतं.

दुसरं, पर्याय घेऊनच जा. "पास झालं" च्या जागी "तपासणीसाठी पाठवलंय" असं वाक्य लिहून न्या. खोट्या रिव्ह्यूंच्या जागी खऱ्या ग्राहकांना, चांगलं लिहा असं न सांगता, फक्त रिव्ह्यू द्या असं विचारणारी मेल तयार करून न्या.

तिसरं, बोलणं झालं की त्याच दिवशी छोटी मेल. "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक दाव्याचा कागद अजून आलेला नाही, आला की रिलीज पाठवते." धमकी नाही, तक्रार नाही, फक्त नोंद.

चौथं, व्यवसायाच्या आचारसंहिता वाचून ठेवा, कारण "मला वाटतं" पेक्षा "संहितेत असं आहे" हे जास्त चालतं. आंतरराष्ट्रीय पीआर संघटना इप्राच्या २०११ च्या संहितेत खोटी माहिती जाणूनबुजून पसरवू नका एवढंच नाहीये, नकळतही पसरणार नाही याची काळजी घ्या आणि झालीच तर लगेच दुरुस्त करा असं म्हणलंय. माझं पहिलं प्रकरण तर याच कलमात बसतं. आणि खूपच गुंता असेल तर हार्वर्डचे राल्फ पॉटर यांची चार खान्यांची पद्धत वापरा: घडलंय काय, आपल्याला महत्त्वाचं काय वाटतं, कुठलं तत्त्व लागू होतं, आणि आपण नक्की कोणाशी बांधील आहोत. चौथ्या खान्यात क्लायंट, कंपनी, वाचणारे लोक, स्वतः, सगळ्यांची नावं लिहायची. वाचणाऱ्यांचं नाव तिथे लिहायला माणूस विसरतो.

तरीही ऐकलं नाही तर? ते काम दुसऱ्याला द्या म्हणा. तेही नाही झालं तर दुसरी नोकरी शोधायला लागा. हे लिहायला सोपं आहे आणि घर चालवताना अवघड आहे हे मला माहितीये, म्हणून एका दिवसात राजीनामा द्या असं मी म्हणत नाही. पण थांबून राहण्यात सुरक्षितता आहे असंही समजू नका. बेल पॉटिंगर ही लंडनची मोठी पीआर कंपनी, दक्षिण आफ्रिकेत गुप्ता या बड्या उद्योजक कुटुंबाच्या कंपनीसाठी तिने वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या पीआर संघटनेने तिला किमान ५ वर्षांसाठी काढून टाकलं. त्यानंतर काही दिवसांतच कंपनी बंद पडायला लागली. ज्यांचा त्या अकाउंटशी काही संबंध नव्हता अशांच्या पण नोकऱ्या गेल्या.

पायरी ६: चूक गेलीच तर परत कशी आणायची

जाईल. कितीही रेघा मारल्या तरी एखादी जाईलच.

१९८२ मध्ये अमेरिकेत शिकागो भागात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं, ७ माणसं मेली. ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, हे सगळे सांगतात, पीआरच्या प्रत्येक कोर्समध्ये असतं. त्यातला एक छोटा भाग मात्र कमी जण सांगतात. कंपनीच्या पीआरवाल्यांनी आधी पत्रकारांना सांगितलं होतं की आमच्या कारखान्यात सायनाइड नाहीच. मग आतून कळलं की तपासणीच्या लॅबमध्ये थोडं असतं. आणि त्यांना ते कबूल करावं लागलं, ऐन त्या दिवसांत, जेव्हा ते कबूल करणं सगळ्यात भीतीदायक होतं. आधीचं वाक्य त्यांनीही कोणाकडून तरी ऐकून पुढे दिलं होतं.

दुरुस्ती करताना विषयाच्या ओळीत पहिला शब्द "दुरुस्ती" असू द्या, "अपडेट" नको. पहिल्याच वाक्यात चुकीचं काय गेलं आणि बरोबर काय ते लिहा. ज्यांना ज्यांना पहिली मेल गेली त्या सगळ्यांना पाठवा, फक्त ज्याने पकडलं त्याला नाही. वेबसाइटवरची रिलीज गुपचूप बदलू नका, खाली तारखेसह लिहा की काय बदललं. आणि क्लायंटला आधी फोन करा, पण परवानगीसाठी दोन दिवस थांबू नका, कारण तेवढ्यात ते छापून येतं.

मी तेव्हा त्या रिपोर्टरला तासाभराने परत फोन केला आणि म्हणलं, रिपोर्ट नाहीये, सँपल नुसतं पाठवलंय, आमचं वाक्य चुकीचं होतं, सगळ्यांना दुरुस्ती पाठवतेय. क्लायंट दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. रिपोर्ट सहा आठवड्यांनी आला, पास होता, आणि तो मी सगळ्यात आधी त्याच रिपोर्टरला पाठवला. त्याने पूर्ण वाचला, कारण पान चारवरच्या एका आकड्याबद्दल विचारायला त्याचा परत फोन आला.